शहरावरचे लेखन आणि त्याचा वाचक

नियमित लेखनाकडे वाचक येतो तो मजकुरासाठी, आणि पुन्हा येतो तो मागच्या खेपेस पदरात काही पडले म्हणून. वर्तमानपत्रातले साप्ताहिक सदर, मंडळाचे त्रैमासिक, सोसायटीची स्मरणिका किंवा आंतरजालावर स्वतः चालवलेले लेखन, सगळ्यांना हाच न्याय लागू होतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. ठाण्याहून १८६६ साली ‘अरुणोदय’ हे वर्तमानपत्र निघाले. कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहून लिहीत होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. वाचणारी माणसे इथे भरपूर आहेत. तरीही नव्याने लिहू लागलेल्यांची तक्रार ऐकू येते की वर्ष-वर्ष लिहूनही वाचक मोजकेच राहतात, आणि तेही नात्यातले. याचे कारण प्रसिद्धीत क्वचितच सापडते. बहुतेक वेळा विषय चुकीचा निवडलेला असतो, किंवा त्या विषयाला पुरेसा अखंड वेळ मिळालेला नसतो.

विषय कोणता घ्यावा

ज्या विषयावर देशभरातले शेकडो लोक लिहितात त्यावर आणखी एक लेख लिहून वाचक मिळत नाही. सकाळी लवकर उठण्याचे फायदे, यशस्वी माणसांच्या सवयी, पावसाळ्यात घ्यायची काळजी, असे लेख लिहायला सोपे जातात, कारण त्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. पण ते वाचून संपले की कुणी लिहिले होते हे वाचकाच्या ध्यानातही राहत नाही. उलट, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत जुना फ्लॅट विकत घेतल्यावर मालमत्ता कराच्या नोंदीत नाव कसे बदलून घ्यायचे, हे कुणी नीट समजावून सांगितले तर तो मजकूर लोक जपून ठेवतात. इंडेक्स टूची प्रत, करारनामा, सोसायटीचे ना हरकत पत्र, कराची शेवटची भरलेली पावती, यांपैकी काय मागितले जाते, कुठल्या प्रभाग कार्यालयात जायचे, अर्ज कोणत्या खिडकीवर घेतात, पोच कशी मिळते, हे सगळे त्या कार्यालयात जाऊन पाहिलेल्यालाच लिहिता येते. हा लेख साहित्य म्हणून कुणी गौरवणार नाही. पण तो वाचून ज्याची एक चक्कर वाचली, तो माणूस त्या लेखकाचा पुढचा लेखही वाचतो.

उपयोगाच्या विषयांच्या जोडीला ओळखीच्या गोष्टींमागची अनोळखी माहिती हा दुसरा भरवशाचा साठा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि दरवर्षी त्या तारखेला तोच मजकूर शेकडो ठिकाणी फिरतो. रूळ पुढे कल्याणपर्यंत पोहोचायला आणखी वर्ष लागले, १ मे १८५४ ही ती तारीख, हे मात्र कल्याणातही थोड्यांनाच माहीत असते. ठाण्याची खाडी ओलांडणे, पारसिकच्या डोंगराला वळसा घालणे, या अडचणी तेव्हा कशा सोडवल्या गेल्या, हा विषय कल्याणच्या लेखकासाठी मोकळा पडलेला आहे. तसेच उल्हासनगरचे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून ठेवले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, हे दोन ओळींत सांगून होते. पण छावणीच्या बराकींचे आकडे आजही पत्त्यांत कसे टिकून आहेत, कुठली बाजारपेठ कुठल्या बराकीतून वाढली, हे तिथल्या वयस्कर माणसांकडे बसून लिहून घ्यावे लागते, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आगरी-कोळी गावांचेही असेच आहे. जिथे आज टॉवर उभे आहेत तिथल्या शेतांना, बांधांना, खाडीच्या फाट्यांना नावे होती. ती नावे सातबाऱ्यावर अर्धवट आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पूर्ण सापडतात. हे काम आज कुणी केले नाही तर वीस वर्षांनी कुणालाच करता येणार नाही, म्हणून ते इतर सगळ्या विषयांच्या आधी हाती घेण्याजोगे आहे.

विषयाचा आवाका लहान ठेवावा. ‘ठाण्याचा इतिहास’ या विषयावर लेखमाला सुरू करणारा बहुधा तिसऱ्या भागाशी थांबतो. ‘ठाण्यातले तलाव’ हा विषय पेलतो. ‘मासुंदा तलावाच्या काठावरची दुकाने’ हा आणखी चांगला, कारण तो पायी फिरून पुरा होतो आणि त्यात प्रत्येक वाचकाला आपली काहीतरी भर घालता येते.

ऐकलेले आणि तपासलेले

शहरावरच्या लेखनात वाचक एकदा चूक धरू लागला की लेखकावरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही, कारण इथे वाचक विषयाच्या शेजारीच राहत असतो. तेव्हा प्रत्येक तारीख आणि प्रत्येक नाव कुठून घेतले हे स्वतःच्या टिपणवहीत लिहून ठेवण्याची सवय पहिल्या लेखापासून असावी.

अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. कल्याणपासून दोन-तीन स्थानकांवर असलेल्या या देवळात उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे आणि त्यात शक दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा वाचला. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढला तर पहिल्या वाचनाने देऊळ ८६० चे ठरते, दुसऱ्याने १०६० चे. पहिला अंक सात की नऊ, एवढ्याने दोनशे वर्षांचा फरक पडतो. शिलालेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणी राजाचे नाव येते आणि त्याचा काळ अकराव्या शतकात बसतो, म्हणून आज १०६० हेच साल मानले जाते. आता अंबरनाथवर लिहिणाऱ्याने एखाद्या जुन्या पुस्तकातून ८६० उचलले, तर त्याच्यामागे एका थोर विद्वानाचे नाव असूनही लेख चुकीचाच होईल. आणि त्याने नुसते १०६० लिहिले तर लेख बरोबर असेल, पण शंभर इतर लेखांसारखाच. दोन्ही वाचनांची हकिगत चार ओळींत सांगितली तर मात्र वाचकाला देवळाच्या वयाबरोबर एक जास्तीची गोष्ट मिळते: दगडावरचा मजकूर कसा वाचतात, वाचन कसे सुधारते आणि राजाच्या काळाची साक्ष त्याला कशी जुळवून पाहतात. पुढच्या वेळी देवळात गेलेला तो वाचक मान वर करून त्या दाराकडे बघतो. लेखनाने वाचक वाढतो तो अशा जागी.

तपासायला साधने आहेत. बॉम्बे गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा मजकूर महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने आंतरजालावर खुला केला आहे. मराठी विश्वकोशही खुला आहे. गॅझेटियर वापरताना एक भान ठेवावे की त्या वेळचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, आणि आजही वसई, डहाणू, जव्हार यांना ‘ठाणे जिल्ह्यातील’ म्हणणारे लेख सर्रास दिसतात. जुने आकडे उचलताना ते कुठल्या हद्दीचे आहेत हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये. महापालिकांचे तसेच. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. त्याआधीची लोकसंख्या नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या नोंदींतून वेगवेगळी शोधावी लागते.

माणसांकडून ऐकलेले तपासायचे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा असे नाही. एकाच प्रसंगाबद्दल दोन घरांत विचारावे, जमल्यास फोटो किंवा पावती पाहावी, आणि जे जुळले नाही ते ‘असे सांगितले जाते’ या शब्दांत स्पष्ट ठेवावे. वाचकाला हा प्रामाणिकपणा कळतो.

वेळ कुठून आणायचा

असे लेखन करायला जो वेळ लागतो तो या पट्ट्यातल्या नोकरदाराकडे सलग कधीच नसतो. डोंबिवली किंवा कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला जलद लोकलनेही तासाहून अधिक लागतो. घरून स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरचे वाट पाहणे आणि संध्याकाळचा परतीचा प्रवास धरला तर दिवसाचे तीन-साडेतीन तास त्यातच जातात. या तासांत लिहिता येईल अशी आशा बहुतेक जण धरतात आणि तिथेच घोटाळा होतो. गर्दीच्या डब्यात, चौथ्या सीटवर अर्धे टेकून, लेखाचा मसुदा होत नाही. दहा मिनिटांत चार ओळी होतात, स्थानक येते, आणि रात्री त्या ओळी परत वाचताना सूर सापडत नाही.

उपाय म्हणजे कामाचे प्रकार वेगळे करणे आणि प्रत्येक प्रकाराला त्याच्या जोगी जागा देणे. वाचन, उजळणी, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ऐकणे, शब्दांची टिपणे, ही कामे प्रवासात होतात, उभ्यानेसुद्धा. दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत असताना पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. त्यांच्याइतकी विद्वत्ता कुणाच्या वाट्याला येईलच असे नाही, पण रोजचा प्रवास कामाच्या आड येऊ न देणारी माणसे याच लोहमार्गावरून गेलेली आहेत. ‘रिटर्न’ करणाऱ्यांना, म्हणजे बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने जाऊन सुरुवातीच्या स्थानकावरून गाडी धरणाऱ्यांना, रोज पाऊण तासाचे निवांत वाचन मिळते. त्या वेळात मोबाइल हातात असला तरी चालेल, पण त्यावर आधीच उतरवून ठेवलेला एकच मजकूर उघडा असावा. निरोपांचे आवाज बंद केले नाहीत तर मुंब्रा यायच्या आत तो वेळ संपतो.

प्रत्यक्ष लिहिणे मात्र घरी, एका जागी, ठरलेल्या वेळी व्हावे. आठवड्यातून तीन वेळा दीड तास मिळाला तर महिन्याला दोन भक्कम लेख होतात. दीड तास यासाठी की पहिली पंधरा-वीस मिनिटे मागचे वाचून पुन्हा लयीत यायलाच जातात. अर्ध्या तासाच्या बैठका जोडून दीड तास भरत नाही, कारण प्रत्येक बैठकीत ही पंधरा मिनिटे नव्याने द्यावी लागतात. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारताना मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे ज्याने ऑफिसातला फोन घेऊन पुन्हा कविता लिहायला घेतली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात ही जागा आणि हा वेळ मिळवणे हे खरे तर घरातल्यांशी बोलून ठरवायचे काम आहे. पहाटे पाच ते साडेसहा, पाणी भरायच्या आणि डब्याच्या गडबडीआधी, हा वेळ अनेकांना मानवतो. ज्या घरात पहाटेचा स्वयंपाक लिहिणारीच्याच अंगावर असतो तिथे हा सल्ला कुचकामाचा आहे. तिथे रविवारची दुपार किंवा वाचनालयाचे टेबल हा जास्त खरा मार्ग. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसणाऱ्याला शांतता आणि संदर्भ एकाच ठिकाणी मिळतात, आणि घरातून बाहेर पडल्यामुळे कुणी हाकही मारत नाही.

हिंडायचा दिवस वेगळा ठेवावा. कार्यालयातली माहिती रविवारी मिळत नाही, तिच्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. उलट जुन्या रहिवाशांना भेटायला रविवारची सकाळ उत्तम. भेटून आल्यावर त्याच दिवशी टिपणे पुरी करावीत. सोमवारची गर्दी अंगावरून गेली की आवाजातले चढउतार, हातातली जुनी पिशवी, मध्येच बोलायचे थांबून बाईंनी दाखवलेला रेशनकार्डाचा पत्ता, हे सगळे पुसट होते, आणि लेखात उरते ती फक्त माहिती.

किती वेळाने लिहावे याचा आग्रह मात्र सैल असावा. रोज काहीतरी प्रसिद्ध करायलाच हवे ही समजूत वाचकांपेक्षा लेखकांचे नुकसान जास्त करते. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, पूर्ण तयार लेख देणारा लेखक दोन वर्षांत चाळीस-पंचेचाळीस लेखांचा धनी होतो. तेवढ्यात एका शहराचे बरेच काही सांगून होते.

मांडणी आणि मथळा

चांगली माहिती वाईट मांडणीत वाया जाते. बोगद्याचा लेख घ्या. ‘पारसिक बोगदा: अभियांत्रिकीचा अद्भुत नमुना’ या मथळ्यात वाचकाला स्वतःचे काही दिसत नाही. ‘जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची का थांबली?’ हा प्रश्न डोंबिवलीच्या प्रत्येक जुन्या प्रवाशाला पडलेला असतो. लेखाची सुरुवात त्याच्या उत्तराने व्हावी. बोगदा १९१६ मध्ये पुरा झाला, सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे, आणि मुंब्र्याचा वळसा टाळून जलद गाड्यांना सरळ वाट देणे हे त्याचे काम होते, ही माहिती मग आपोआप गोडीने वाचली जाते. तीच माहिती ‘मानवाने प्राचीन काळापासून डोंगर फोडले आहेत’ अशा वाक्याने सुरू केली तर वाचक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत येत नाही.

मथळ्यात गावाचे, जागेचे, कामाचे नाव असावे. लोक शोधतात ते याच नावांनी. आंतरजालावर लिहिताना मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला किंवा चित्र करून टाकलेला मराठी मजकूर शोधयंत्रांना नीट वाचता येत नाही, आणि असे कितीतरी चांगले लेखन आज असूनही नसल्यासारखे झाले आहे. एकाच जागेची दोन नावे प्रचारात असतील, कळवा आणि कळवे, अंबरनाथ आणि अंबरेश्वर, तर दोन्ही मजकुरात एकदा तरी सहजपणे येऊ द्यावीत. त्यापलीकडे तेच तेच शब्द पेरून ठेवण्याच्या क्लृप्त्यांनी वाक्ये बिघडतात आणि माणूस कंटाळतो.

लेखाची लांबी विषयाने ठरवावी. कार्यालयातल्या कामाची माहिती सहाशे शब्दांत बसली पाहिजे. कागदपत्रे आधी, पायऱ्या नंतर, आणि लेखकाने ती माहिती कोणत्या महिन्यात घेतली हे ठळकपणे. उलट एखाद्या गावाच्या शेतांची नावे सांगायला तीन हजार शब्दही थोडे पडतील, आणि ज्यांना हवे आहेत ते वाचक ते सगळे वाचतील.

वाचकापर्यंत पोहोचणे

लेख तयार झाला की तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे आधी जावा. डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेवर लिहिले असेल तर ती सुरू करणाऱ्या गणेश मंदिर संस्थानातल्या आणि पथकांतल्या लोकांना, कोळीवाड्यावर लिहिले असेल तर ज्यांच्या ओसरीवर बसून माहिती घेतली त्यांना. ती माणसे चुका दाखवतात, भर घालतात, आणि अभिमानाने पुढे पाठवतात. पन्नास गटांत एकदम ढकललेल्या लेखापेक्षा अशा पाच माणसांनी पाठवलेला लेख जास्त वाचला जातो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रत्येक लेख टाकणाऱ्याला लोक लवकरच न उघडता पुढे सरकवतात. त्या गटाला उपयोगी असेल तोच टाकावा.

पुढे पाठवताना लेखकाचे नाव गळून पडणे ही मराठी लेखनाची जुनी व्यथा आहे. शेवटी नाव टाकले की ते कापायला सोपे जाते. त्यामुळे मजकुराच्या पोटात, एखाद्या वाक्यात, लेखक कुठे गेला, कुणाला भेटला आणि केव्हा, हे आले तर नाव कापूनही लेखाची ओळख टिकते. फोटो दुसऱ्याचा असेल तर परवानगी घ्यावी आणि त्याचे नाव द्यावे. आपले नाव जपावे असे वाटणाऱ्याने ही रीत आधी स्वतः पाळायला हवी.

समोरासमोरचा वाचकही विसरू नये. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने १९८६ पासून पुस्तकांभोवती माणसे जमवली आणि पुढे पुस्तकांच्या देवाणघेवाणीचे उपक्रम केले. अशा ठिकाणी येणारी माणसे वाचनाला वेळ देतात, आणि स्थानिक विषय दिसला की थांबतात. एखाद्या शाळेत, कट्ट्यावर, महिला मंडळात आपल्या लेखाचा विषय तासभर बोलून सांगितला तर दहा-वीस पक्के वाचक मिळतात आणि पुढच्या लेखासाठी तेवढीच माहितीही. दिवाळी, पाडवा, मराठी भाषा गौरव दिन असे दिवस जवळ आले की लोकांना आपल्या गावाबद्दल वाचायची इच्छा होते. दिवाळीत फडके रस्त्यावर तरुणाई का जमते यावर लिहायचे तर ते श्रावणातच लिहून ठेवावे. दिवाळी अंकांची मजकुराची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, आणि ज्या संपादकाकडे तोवर तयार लेख पोहोचतो त्याच्याकडे त्याचा विचार होतो.

वाचकसंख्येचे आकडे महिन्यातून एकदा पाहावेत, रोज नाही. एखादा लेख अचानक हजारोंनी वाचला याला फारसा अर्थ नसतो. सहा महिन्यांपूर्वीचा लेख आजही कोण शोधून वाचतो, आणि कोण पत्र लिहून पुढचे विचारतो, हे जास्त सांगून जाते. कराच्या नोंदीवरच्या लेखाला दर महिन्याला चार शंका येत असतील, तर त्या शंका हाच पुढच्या लेखाचा मजकूर आहे.

जुने लेख पुन्हा हाती घेणे

नवे लिहिण्याच्या घाईत जुने तसेच सोडून देणे हे वाचक गमावण्याचे मोठे कारण आहे. पारसिकच्या लेखाकडेच पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा दरम्यानची पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल बोगद्याऐवजी कळवा-मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. त्याआधी लिहिलेला, ‘डोंबिवलीहून जलद गाडी धरली की पारसिकचा बोगदा लागतो’ असे सांगणारा प्रत्येक लेख त्या दिवशी जुना झाला. ज्याने आपला लेख आठवडाभरात दुरुस्त केला आणि वर दुरुस्तीची तारीख टाकली, त्याचाच लेख आज उपयोगाचा आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि वर्षअखेरीस, जुने सगळे लेख वाचून काढण्यासाठी एक-दोन रविवार राखून ठेवावेत. चूक आढळली तर ती गुपचूप बदलू नये. काय बदलले ते तिथेच एका ओळीत लिहावे.

या कामाचा सर्वांत मोठा वस्तुपाठ ठाण्यातच आहे. विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याचे. मराठी ग्रंथसंग्रहालय ज्यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये उभे राहिले त्यांपैकी ते एक होते. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी जुन्या मराठी कवींच्या पोथ्या जमवल्या आणि वाङ्मयाचा इतिहास लिहायला घेतला. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हे त्यांचे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून आले तेव्हा बेताच्या आकाराचे होते. त्यानंतरच्या वर्षांत नवनवी साधने सापडत गेली. महानुभाव पंथाचे सांकेतिक लिप्यांत जपलेले वाङ्मय याच काळात अभ्यासकांसमोर उघडले. भाव्यांनी आधीचे लेखन पुरे झाले असे मानले नाही. १९१९ मध्ये त्याची खूप वाढवलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यात या नव्या माहितीला जागा मिळाली. पुढेही आवृत्ती निघाली, आणि ते १९२६ मध्ये गेल्यानंतर शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडून तो ग्रंथ त्यांच्या पुढच्या पिढ्यांसाठी चालता ठेवला. मासिकातल्या लेखनापासून सुरू झालेला मजकूर अर्धशतकाहून जास्त काळ वाचला गेला, तो वारंवार तपासला आणि वाढवला गेला म्हणून.

अशी पुरवणी दुसऱ्या कुणाला जोडता यावी यासाठी लेखकाने आपली टिपणे व्यवस्थित ठेवायला हवीत. कुणी काय सांगितले, कोणत्या तारखेला, कुठल्या खंडातल्या कुठल्या पानावरून काय घेतले, हे लेखागणिक एका वहीत किंवा धारिकेत असावे. सांगणाऱ्याची संमती असेल तर ध्वनिमुद्रणेही नाव-तारीख घालून जपावीत आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. मोबाइल बदलताना जुन्या माणसांचे आवाज कायमचे जातात. वर्षभराचे लेख झाले की त्यांची साधी छापील प्रत बांधून आपल्या गावच्या वाचनालयाच्या संदर्भ विभागाला द्यावी. आतल्या पानावर लेखकाचा पत्ता आणि टिपणे कुठे ठेवली आहेत हे लिहून ठेवावे.